वायर रेल्वेची, भरपाई आयआरसीटीसीची: तेजस आणि १५१ खासगी गाड्यांचं प्रकरण

२२ जानेवारी २०२०. अहमदाबादहून सकाळी ६.४० ला सुटलेली तेजस एक्सप्रेस दुपारी एक-सव्वाच्या सुमारास मुंबई सेंट्रलला लागायची होती. गाडीच्या नियमित फेऱ्या सुरू होऊन जेमतेम तीन-चार दिवस झाले होते. दहिसर आणि भाईंदरच्या दरम्यान ओव्हरहेड वायरमध्ये बिघाड झाला. विरार लाइनवर ज्याचं आयुष्य गेलंय त्याला पुढचं सांगायला नको. तेजस तासाभराहून जास्त उशिरा पोचली. गाडीत ६३०च्या आसपास प्रवासी होते. तासाहून जास्त उशीर झाला तर प्रत्येकी शंभर रुपये भरपाई, दोन तासांहून जास्त झाला तर अडीचशे, असं कबूल केलेलं. हिशेब झाला सुमारे ६३ हजार रुपयांचा, आणि तो ही गाडी चालवणाऱ्या आयआरसीटीसीच्या नावावर लागला.

वायर पश्चिम रेल्वेची. ती जोडणारी टॉवर वॅगन पश्चिम रेल्वेची. वायर जोडून झाल्यावर कोणती गाडी आधी सोडायची हे ठरवणारा कंट्रोलही तिचाच.

रक्कम किरकोळच आहे. पण पुढे जुलै २०२१ मध्ये तीस हजार कोटींच्या खासगी गाड्यांच्या निविदेला फारसं कुणी का विचारलं नाही, हे समजून घ्यायचं तर मला या ६३ हजारांपासून सुरुवात करणं सगळ्यात सोपं वाटतं.

‘खासगी’ म्हणजे नेमकं काय

देशातली पहिली ‘खासगी गाडी’ म्हणून लखनौ–नवी दिल्ली तेजसला ४ ऑक्टोबर २०१९ ला हिरवा झेंडा दाखवला गेला. रेल्वे कामगार संघटनांनी निषेध केला, वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. ती गाडी चालवणारी कंपनी म्हणजे इंडियन रेल्वे केटरिंग अँड टुरिझम कॉर्पोरेशन, जिच्या साइटवर आपण सगळे तत्काळच्या वेळी धडधडत्या छातीनं बसतो तीच. तिच्या समभागांची पहिली विक्री आदल्याच दिवशी, ३ ऑक्टोबरला संपली होती. विक्रीनंतरही ८७.४ टक्के भागभांडवल सरकारकडेच होतं. म्हणजे पहिली खासगी गाडी चालवत होती एक सरकारी कंपनी. दुसरी तेजस, अहमदाबाद–मुंबई, १७ जानेवारी २०२० ला सुरू झाली. तिसरी काशी महाकाल एक्सप्रेस. तिच्या उद्घाटनाच्या फेरीत बी-५ डब्यातली ६४ क्रमांकाची जागा भगवान शंकरासाठी राखून ठेवली होती, त्याची बातमी गाडीपेक्षा जास्त गाजली. लॉकडाऊनमध्ये तीही थांबली.

कामाची वाटणी अशी होती. रूळ, सिग्नल, इंजिन, लोको पायलट, गार्ड, रेकची (म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या संचाची) देखभाल हे सगळं रेल्वेचं. तिकीट विकणं, भाडं ठरवणं, खाणंपिणं, डब्यातली माणसं, तिकीट तपासनीस, प्रवाशांचा पंचवीस लाखांचा मोफत विमा आणि उशिराची भरपाई हे आयआरसीटीसीचं. रेल्वेची गाडी, रेल्वेचा मार्ग आणि रेल्वेची माणसं वापरल्याबद्दल आयआरसीटीसीनं रेल्वेला हॉलेज द्यायचं. हॉलेज हा रेल्वेच्या बोलण्यातला रोजचा शब्द, अर्थ साधा: गाडी ओढून नेण्याची मजुरी, डब्याच्या आणि किलोमीटरच्या हिशेबानं. गाडी भरलेली असो की रिकामी, ती द्यावीच लागते.

मी एकदा बोरिवलीहून सुरतपर्यंत या गाडीनं गेलो. चहाचा ट्रे वेळेवर आला, पाण्याची बाटली आली, खाली वाकून विचारपूस करणारी मुलगी आली. नायगावची खाडी ओलांडताना खिडकीतून पाहिलं तर शेजारच्या रुळावर विरार लोकल, दाराला लटकलेली माणसं, आणि दोन्ही गाड्यांवरून एकच वायर गेलेली. खासगीकरण झालं होतं ते काचेच्या आतल्या बाजूला.

पाथ: खरी मालमत्ता

सरकारी विरुद्ध खासगी हा वाद आपल्याकडे स्वच्छता, जेवण आणि भाडं यांच्यावरच फिरत राहतो. रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाला विचारा, तो पाथबद्दल बोलेल. पाथ म्हणजे वेळापत्रकाच्या आलेखावरची गाडीची रेघ. अमुक वाजता अमुक ठिकाणी हा रूळ या गाडीसाठी मोकळा, असा तो करार.

मुंबई सेंट्रलहून निघालेल्या गाडीला विरारपर्यंत लोकलच्या गर्दीतून वाट काढावी लागते. पश्चिम रेल्वेवर रोज तेराशेहून अधिक लोकल फेऱ्या होतात. विरारच्या पुढे डहाणूकडे एक अप आणि एक डाऊन एवढेच मार्ग होते आणि त्याच दोन रुळांवर मेल-एक्सप्रेस, डहाणू लोकल, मेमू आणि मालगाड्या. सगळ्या गाड्या एकाच वेगानं धावल्या तर दोन रुळांवर पुष्कळ गाड्या बसतात. वेग वेगवेगळे झाले की घोटाळा सुरू होतो. ताशी साठच्या आसपास जाणाऱ्या मालगाडीच्या मागून ताशी एकशेतीसची गाडी आली, तर मालगाडीला कुठल्या तरी स्टेशनात लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकावं लागतं. जलद गाडी पुढे निघून गेली, सिग्नल उतरला, मग मालगाडीनं पुन्हा रेंगाळत वेग घ्यायचा. एका जलद गाडीपायी संथ गाड्यांचे दोन-तीन पाथ सहज जातात.

आणि भारतीय रेल्वेचं पोट मालगाडीवर चालतं. प्रवासी वाहतुकीचा खर्च भाड्यातून निघत नाही. २०१६ पासून आपल्या तिकिटांवरच छापून येत होतं की रेल्वे प्रवासखर्चाच्या सरासरी ५७ टक्केच वसूल करते. उरलेला भार कोळसा, सिमेंट, लोखंड वाहणाऱ्यांच्या भाड्यात मिसळलेला असतो. तेव्हा खासगी गाडीला पाथ दिला की त्याची किंमत कुणीतरी मोजतोच, बहुधा लूपमध्ये उभी असलेली मालगाडी, कधी नालासोपाऱ्याला ताटकळणारा लोकलचा प्रवासी. ती किंमत हॉलेजमध्ये पुरती उतरवली तर गाडी चालवणं परवडत नाही, आणि नाही उतरवली तर मालगाडीच्या पैशातून एसी चेअर कारला सवलत दिल्यासारखं होतं. या प्रश्नाचं सोपं उत्तर नाही. पण तो प्रश्न विचारलाच गेला नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. सगळा वाद ‘रेल्वे विकली’ आणि ‘रेल्वे सुधारली’ या दोन घोषणांमध्ये अडकून पडला.

रिकाम्या खुर्च्या

लॉकडाऊननंतर १७ ऑक्टोबर २०२० ला दोन्ही तेजस पुन्हा सुरू झाल्या. महिनाभरात लक्षात आलं की माणसं येत नाहीत. नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन्ही बंद झाल्या, १४ फेब्रुवारी २०२१ ला पुन्हा आल्या आणि दुसऱ्या लाटेत परत थांबल्या. धंद्याच्या दृष्टीनं हे अगदी बरोबर. खुर्च्या रिकाम्या आणि हॉलेज पुरं, तर गाडी कशाला काढायची? त्याच काळात त्याच मार्गावर रेल्वेच्या विशेष गाड्या मात्र चालू राहिल्या. त्यांनाही तोटा होतच असणार, फक्त तो एका गाडीच्या नावावर दिसत नाही.

शिवाय मुंबई–अहमदाबाद मार्गावर तेजसचा मुख्य प्रतिस्पर्धी विमान नव्हता की व्हॉल्वो नव्हती. शताब्दी, डबल डेकर, कर्णावती, गुजरात एक्सप्रेस या सगळ्या तिच्या घरमालकाच्याच गाड्या. त्यांत भर पडली ३० सप्टेंबर २०२२ ला, गांधीनगर–मुंबई वंदे भारतची. नवी गाडी, तेजसपेक्षा जवळपास तासभर कमी वेळ. मार्च २०२४ मध्ये अहमदाबाद–मुंबई दुसरी वंदे भारतही आली. दुकानाचा गाळा भाड्यानं घ्यावा, आणि मालकानं शेजारच्या गाळ्यात तेच दुकान जास्त लखलखीत दिवे लावून स्वतः उघडावं, असा हा प्रकार. मालकाचं चुकलं असंही म्हणता येत नाही. प्रवाशाचा त्यात फायदाच झाला.

१५१ गाड्या

तेजस ही चाचणी होती. पुढचा बेत मोठा. जानेवारी २०२० मध्ये नीती आयोगानं चर्चेसाठी टिपण काढलं: १०० मार्ग, १५० गाड्या, साडेबावीस हजार कोटींची गुंतवणूक. १ जुलै २०२० ला, कोरोनाच्या ऐन साथीत, रेल्वे मंत्रालयानं पात्रतेसाठी प्रस्ताव मागवले. आकडे वाढले होते: मार्गांचे बारा गट, १०९ मार्गजोड्या, १५१ आधुनिक गाड्या, ३० हजार कोटी, पस्तीस वर्षांचा करार. गाड्या ताशी १६० किलोमीटर वेगाच्या आणि बहुतांश भारतातच बनलेल्या हव्यात. पहिली गाडी २०२३ मध्ये धावेल असं सांगितलं गेलं.

सुरुवातीला उत्साह होता. ऑक्टोबरमध्ये १५ कंपन्यांचे १२० अर्ज आले. एल अँड टी, जीएमआर, वेलस्पन, आयआरबी, भेल, स्पेनची काफ अशी नावं होती. आयआरसीटीसीही होती. १०२ अर्ज पात्र ठरले. मग खरी बोली लावायची वेळ आली. जुलै २०२१ मध्ये लिफाफे उघडले तेव्हा बारापैकी नऊ गट कोरेच होते. मुंबई-२, दिल्ली-१ आणि दिल्ली-२ या तीन गटांसाठी मिळून दोनच बोलीदार: हैदराबादची मेघा इंजिनिअरिंग, आणि दुसरी पुन्हा आयआरसीटीसी. चाळीसेक गाड्या, सात हजार दोनशे कोटींच्या आसपास गुंतवणूक. ती प्रक्रियाही पुढे सरकली नाही.

लोक म्हणतात, कोरोनामुळे झालं. तेही एक कारण खरं. पण करार वाचला की दिसतं, निरोगी काळातही तो अवघडच होता. खासगी कंपनीनं रेक स्वतःच्या पैशानं घ्यायचे, त्यांची देखभाल करायची. भाडं ठरवायची मोकळीक होती, हे मोठं आमिष. त्या बदल्यात ठरावीक हॉलेज द्यायचं, विजेचं बिल वेगळं, आणि वर एकूण उत्पन्नातला वाटा. हा वाटा जो जास्त कबूल करील त्याला गट मिळणार. नफ्यातला वाटा नव्हे, उत्पन्नातला. म्हणजे तोट्यात गेलात तरी तिकिटाच्या प्रत्येक रुपयातले काही पैसे रेल्वेचे. लोको पायलट आणि गार्ड रेल्वेचेच राहणार. ९५ टक्के वेळा गाडी वेळेवर हवी, नाहीतर दंड. मसुद्यात तर गाडी दहा मिनिटं आधी पोचली तरी दंड होता. वाचून हसू येतं, पण त्यामागचा विचार शहाण्या माणसाचा आहे: आधी पोचायला मुभा दिली की प्रत्येक जण वेळापत्रकात मोकळी मिनिटं पेरून ठेवतो, आणि तेवढा पाथ वाया जातो.

अडचण दंडाच्या आकड्यात नव्हती, निवाड्यात होती. उशीर कुणामुळे झाला हे ठरवणार कोण? दहिसरची वायर तुटली, पुढची मालगाडी अडली, तुमच्या रेकचा दरवाजा बंद झाला नाही; प्रत्येक मिनिट कुणाच्या तरी नावावर टाकावं लागतं. भाडेकरू आणि घरमालक यांच्या भांडणात घरमालकच पंच असेल तर बँक कर्ज देताना दहादा विचार करते. स्वतंत्र रेल्वे विकास प्राधिकरणाला मंत्रिमंडळानं एप्रिल २०१७ मध्ये मंजुरी दिली होती. निविदा निघाली तेव्हाही ते कागदावरच होतं. शिवाय २००६ मध्ये खासगी कंटेनर गाड्यांचे परवाने घेतलेल्यांचा अनुभव बाजाराला माहीत होता. त्यांच्या धंद्याचं भवितव्य रेल्वे हॉलेजचा दर कधी आणि किती वाढवते यावर हेलकावत राहिलं.

यात शंका उरली असेल तर ती लिफाफे उघडल्यानंतर तीन महिन्यांनी फिटली. २८ ऑक्टोबर २०२१ ला आयआरसीटीसीनं शेअर बाजाराला कळवलं की ऑनलाइन तिकिटावरच्या सुविधा शुल्कातला निम्मा वाटा १ नोव्हेंबरपासून रेल्वेला द्यावा, असं मंत्रालयाचं पत्र आलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी शेअर पंचवीस टक्क्यांहून जास्त कोसळला. दुपारपर्यंत निर्णय मागे. सरकारी मालकीच्या कंपनीची ही गत, तर पस्तीस वर्षांचं कर्ज काढून रेक घेणाऱ्यानं कशाच्या भरवशावर झोपायचं? आणि आधी १५ ऑगस्टला, लिफाफे उघडून महिनाही झाला नव्हता तेव्हा, लाल किल्ल्यावरून ७५ वंदे भारतची घोषणा झालीच होती. घरमालकानं गाळे भाड्यानं द्यायचा विचार सोडून सगळी दुकानं स्वतःच काढायचं ठरवलं होतं.

मागचं एक पान, आणि लंडनचं एक

आपल्याकडे हा प्रयोग पहिल्यांदा झाला असं नाही. बोरीबंदर–ठाणे गाडी १८५३ मध्ये सुरू करणारी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) ही लंडनमध्ये कार्यालय असलेली खासगी कंपनीच. १८४९ च्या करारानं तिच्या भांडवलावर पाच टक्के परतावा सरकारनं हमखास ठरवून दिला. धंद्यात कमी पडलं तर भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेवटी शेतसाऱ्यातून. दादाभाई नौरोजी आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी या हमीवर टीका केली ती याचसाठी. पुढे १९०० मध्ये सरकारनं जीआयपी विकत घेतली, पण चालवायला कंपनीकडेच ठेवली. मालकी सरकारी आणि कारभार खासगी अशी ही जोडी पंचवीस वर्षं चालली. रेल्वेच्या कारभाराचा विचार करणाऱ्या १९२०-२१ च्या अ‍ॅकवर्थ समितीत यावरून उभी फूट पडली; अध्यक्षांनी सरकारी कारभाराच्या बाजूनं कौल दिला. १ जुलै १९२५ ला जीआयपीचा कारभार सरकारनं हाती घेतला.

जीआयपीत सगळी जोखीम रयतेवर होती. १५१ गाड्यांच्या निविदेत ती सगळी बोली लावणाऱ्यावर टाकली. पहिल्यात कंपन्यांची रांग लागली, दुसऱ्यात फारसं कुणी फिरकलं नाही.

जोखीम कागदावर खासगी कंपनीकडे दिली म्हणून ती तिच्याकडे राहतेच असंही नाही. लंडन–एडिंबरा मार्गाचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथं रूळ वेगळ्या संस्थेकडे, गाड्यांचे डबे बरेचसे भाड्याचे, आणि गाडी चालवायचा ठेका लिलावानं. जीएनईआर या कंपनीनं २००५ मध्ये दहा वर्षांत १.३ अब्ज पौंड सरकारला द्यायचं कबूल केलं. मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २००७ मध्ये ठेका नॅशनल एक्सप्रेसकडे गेला. त्यांनी १.४ अब्ज कबूल केले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये हात वर केले. सरकारनं पाच वर्षांहून थोडा जास्त काळ स्वतः चालवला, पैसेही कमावले. २०१५ मध्ये स्टेजकोच आणि व्हर्जिन यांनी ३.३ अब्जांची बोली लावून तो घेतला. जून २०१८ मध्ये किल्ल्या पुन्हा सरकारकडे. लिलावात जिंकतो तो बहुधा सगळ्यात जास्त आशावादी माणूस. मंदी आली की तो ठेव बुडवून निघून जातो आणि गाडी तर दुसऱ्या दिवशी सकाळी सोडावीच लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटननं कायदा करून फ्रँचायझीच्या, म्हणजे ठेक्यानं चालणाऱ्या, गाड्या टप्प्याटप्प्यानं सरकारी कंपन्यांकडे घ्यायचं ठरवलं. तरी एक फरक लक्षात ठेवायला हवा: तिथं रूळ वापरायची आकारणी स्वतंत्र नियामक पाच-पाच वर्षांसाठी ठरवतो. ठेकेदार बुडाले ते स्वतःच्या बोलीखाली.

जमलं ते कुठं

नोव्हेंबर २०२१ मध्ये रेल्वेनं ‘भारत गौरव’ योजना काढली. रेक भाड्यानं घ्या, यात्रेची किंवा पर्यटनाची गाडी काढा, राहणं-जेवण-दर्शन मिळून दर ठरवा. पहिली गाडी १४ जून २०२२ ला कोइमतूरहून निघाली, साईनगर शिर्डीसाठी. इथं मात्र खासगी मंडळी आली, आणि नवल वाटायचं कारण नाही. यात्रेच्या गाडीला रोजचा सकाळचा पाथ लागत नाही, शेजारी शताब्दी नसते, आणि तासभर उशीर झाला तर भाविक कुरकुरतो पण गाडी बदलत नाही.

तेजसनं एक गोष्ट मात्र खरोखर नवी आणली होती, आणि तिला पुरेसं श्रेय मिळालं नाही. उशीर झाला तर प्रवाशाला पैसे. २२ जानेवारीला त्याच वायरीखाली दुसऱ्या गाड्यांतले जे लोक अडकले त्यांना काही मिळालं नाही. नेहमीच्या गाडीत, ती तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवासच केला नाही, तरच तिकिटाचे पैसे परत मिळतात. बसून उशिरा पोचलात तर तुमचं नशीब. शंभर रुपये मोठे नव्हते, पण त्यांच्यापायी उशिराचं मिनिट कुठंतरी हिशेबात लिहिलं जात होतं, आणि ते कुणामुळे झालं हा प्रश्न कुणीतरी कुणालातरी विचारत होतं.

१५ फेब्रुवारी २०२४ पासून ही भरपाई बंद झाली. गाडी चालू आहे.